प्लेगचा जंतू कोणत्या रकान्यात?

शाळेत आपण 'उपयुक्त जीवाणू' आणि 'अपायकारक जीवाणू' असे दोन रकाने आखतो. दह्याचा जीवाणू पहिल्यात, प्लेगचा दुसऱ्यात. इतिहास मात्र इतका सरळ नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेग ओळखला. पुढच्याच महिन्यात शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली आणि व्हरांडा एवढीच त्यांची प्रयोगशाळा. तिथे मांसाच्या रश्श्यात त्यांनी प्लेगचे जीवाणू वाढवले, उष्णता देऊन मारले आणि त्यांचीच लस केली. १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई त्यांनी स्वतःला टोचून घेतली.

लस झाली, पण विश्वासाचे काय? घराघरांत शिरून रोगी शोधणाऱ्या सरकारवर लोक संतापले होते. त्याच सरकारची सुई कोण घेणार? अशा वेळी इस्माइली खोजांचे इमाम, जेमतेम विशीचे आगाखान तिसरे पुढे आले. त्यांनी सर्वांसमोर लस टोचून घेतली. मग हजारो खोजांनी घेतली. प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपला खुश्रू लॉज बंगलाही दिला. शास्त्रज्ञ ज्यू, मदतीला धावलेला मुस्लिम धर्मगुरू, आणि जीव वाचले सगळ्यांचे.

१९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन निलंबित झाले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, हे पुढे आले. त्यांच्यावरचा ठपका पुसायला १९०७ उजाडले.

आता दुसरे टोक पाहा. चीनमधील हार्बिनजवळ जपानी सैन्याच्या 'युनिट ७३१'ने हाच जंतू युद्धासाठी वाढवला. जिवंत कैद्यांवर प्रयोग केले. ऑक्टोबर १९४० मध्ये निंगबो शहरावर विमानातून प्लेगग्रस्त पिसवा आणि धान्य टाकले. शंभरहून अधिक नागरिक मेले. या युनिटचा प्रमुख शिरो इशी होता डॉक्टरच. युद्धानंतर त्याच्या प्रयोगांची माहिती मिळावी म्हणून अमेरिकेने त्याला अभय दिले. त्याच्यावर कधीच खटला चालला नाही.

जीव वाचवणाऱ्याने न केलेल्या चुकीचा ठपका पाच वर्षे सोसला; जीव घेणारा मोकळा सुटला. जैविक अस्त्रांवर बंदी घालणारा करार १९७२ मध्ये झाला. जंतूला हेतू नसतो, माणसाला असतो. म्हणून विज्ञानाच्या तासाला मुलांना जीवाणूंच्या नावांबरोबर हाफकिन आणि इशी ही दोन नावेही सांगायला हवीत.