थांबलेल्या गाडीचे इंधन

भंडारा जिल्ह्यातील एकोडी हे गाव ज्या साकोली तालुक्यात, भाताच्या बांध्यांच्या मुलुखात वसले आहे, त्याच तालुक्यातून मुंबईहून कलकत्त्यास जाणारा राजमार्ग पूर्वेकडे जातो. या मार्गावरील वाहतुकीचा इतिहास लिहिणारे मैलांचा आणि मालाचा हिशेब मांडतात. परंतु गाडी उभी असताना जे तेल जळून गेले त्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही, आणि म्हणूनच ती मांडणे अगत्याचे आहे.

१ नोव्हेंबर १९५६ पूर्वी भंडारा, दुर्ग व रायपूर हे जिल्हे नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्याच्या अमलाखाली होते. त्या दिवशी भाषावार पुनर्रचनेने भंडारा मुंबई राज्यात आणि दुर्ग-रायपूर नव्या मध्य प्रदेशात गेले. आणि जो रस्ता आजवर एकाच सरकारच्या मुलुखातून जात होता, त्यावर साकोलीच्या पूर्वेस सरहद्द येऊन कर, परवाने आणि तपासणी यांचा अंमल सुरू झाला. योगायोग असा की, टाटांनी जर्मन कंपनीच्या सहकार्याने जमशेदपुरात डिझेलच्या मालमोटारी बांधण्यास १९५४ मध्येच आरंभ केला होता. म्हणजे डिझेलचे युग आणि नाक्यावरील खोळंबा ही दोन्ही या रस्त्यावर जवळजवळ एकदमच आली.

रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली आउग्सबुर्ग येथे यशस्वी करून दाखविलेल्या यंत्रात ठिणगीवाचून, केवळ अतिशय दाबलेल्या हवेच्या उष्णतेने तेल पेटते. आणि पेट्रोलच्या यंत्राप्रमाणे हवेची वाट आवळावी लागत नसून तेलाची मात्राच कमी करता येत असल्याने, उभ्या अवस्थेत ते पेट्रोलच्या यंत्राहून काटकसरीने चालते. मात्र हाच दाब यंत्र सुरू करताना बॅटरीची परीक्षा पाहतो. बॅटरी अशक्त झालेल्या गाडीचा चालक यंत्र बंद करण्यास कचरतो, ही सवय आळसातून नव्हे, तर पुन्हा गाडी सुरू न होण्याच्या साधार भीतीतून जन्मली. पुढे जीप आणि काळी-पिवळी गावोगाव पोहोचल्या, तेव्हा सवारी भरेपर्यंत यंत्र चालू ठेवण्याचा हा परिपाठही त्यांच्याबरोबर गेला.

उभी डिझेल मोटार तासाला साधारण अर्धा ते एक लिटर तेल जाळते, मालमोटार त्याहून पुष्कळ अधिक. अर्धा लिटरच धरला आणि गाडी रोज एक तास अशी उभी राहिली, तरी वर्षाकाठी १८० लिटरांहून अधिक तेल खर्ची पडते. शिवाय थंड यंत्रात ज्वलन अपुरे राहून काजळी साचते, ती वेगळीच.

१९७३ च्या तेलसंकटाने देशाला जाग आणली; १९७८ मध्ये पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघ स्थापन झाला आणि थांबताना यंत्र बंद करण्याचा उपदेश सर्वत्र झाला. तो योग्यच होता. पण चालकाला जितका केला, तितका थांबविणाऱ्या सरकारला केला गेला नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन राज्यांच्या करनाक्यांचे प्रयोजन संपले, म्हणजे सरहद्द आल्यापासून साठ वर्षांनी त्या खोळंब्याचे एक मोठे कारण नाहीसे झाले. ज्या राज्यव्यवस्थेने पै-पैच्या कराची नोंद ठेवली, तिने आपल्या तपासणीपायी जळालेल्या तेलाचीही नोंद ठेवली असती, तर ते कारण पुष्कळ आधी दूर झाले असते. यापुढे रस्त्यावर जो कोणी गाडी अडवील, त्याने तिच्या इंधनाचा जबाब देणे हाच न्याय होय.