एका राजाचे अजीर्ण

दिवाळीच्या चौथ्या दिवशी फराळाचे डबे तळाला लागतात आणि घरोघर ओव्याची पूड शोधली जाऊ लागते. त्या सुमारास मला इंग्रजीतला ‘सर्फिट’ हा शब्द हटकून आठवतो. हात आवरत नाही, मग पोट बिघडते, आणि मग त्या पदार्थाचे नावही नकोसे होते, या तिन्ही अवस्था त्या एका शब्दात मावतात. पण मला तो आठवतो तो पोटाच्या काळजीने नव्हे. नऊशे वर्षांपूर्वीच्या एका राजाला या शब्दाने खादाड म्हणून जगभर प्रसिद्ध करून ठेवले आहे, आणि तो आरोप मला मुळीच पटत नाही.

आधी शब्दाचे कूळ पाहू. त्यात मूळचा खाण्याचा वासही नाही. जुन्या फ्रेंचमधल्या ‘सुर’ म्हणजे वर, अधिक, आणि ‘फेर’ म्हणजे करणे, या दोहोंपासून तो झाला. यातला ‘सुर’ आपल्या रोजच्या ओळखीचा आहे. विजेच्या बिलावरचा ‘सरचार्ज’ आणि अर्जावरचे ‘सरनेम’ यांत तोच बसलेला असतो. ‘फेर’चे वंशज ‘बेनिफिट’मध्ये आणि ‘काउंटरफिट’मध्ये सापडतात. आणखी मागे लॅटिनपर्यंत गेले तर हा ‘सुर’ संस्कृतातल्या ‘उपरि’चा भाऊबंद निघतो. तेव्हा सर्फिट म्हणजे करायला हवे त्यापेक्षा अधिक करणे, मर्यादा ओलांडणे. जुन्या फ्रेंचमध्ये उद्दामपणाला आणि आगळिकीलाही हा शब्द चाले. तेराव्या शतकाच्या शेवटी तो इंग्रजीत आला आणि हळूहळू ताटापाशी येऊन बसला. माणसाच्या साऱ्या अतिरेकांत जेवणाचाच अतिरेक सर्वांना चटकन दिसतो, म्हणून असे झाले असावे.

आता तो राजा. पहिला हेन्री हा इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमचा धाकटा मुलगा. १०६६ साली बापाने मिळवलेले राज्य ११०० साली याने मोठ्या भावाला डावलून बळकावले. पुढे ११०६ मध्ये त्या भावाला लढाईत पकडून मरेपर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे, कैदेत ठेवले. तेव्हा तो काही साधुपुरुष नव्हता. त्याच्या नावावर मांडण्यासारखी पापे पुष्कळ आहेत. पण शाळेतल्या पोराला विचाराल तर तो एवढेच सांगेल, की हा राजा ‘सर्फिट ऑफ लॅम्प्रीज’ने मेला.

लॅम्प्रे हा मासा आपल्या कोकणातल्या बाजारात दिसायचा नाही. अंगाने वामासारखा लांबट आणि बुळबुळीत. जबडा मुळी नाहीच. त्याऐवजी वाटोळे तोंड आणि त्यात दातांची वर्तुळे. त्यातल्या समुद्री जातीचा लॅम्प्रे दुसऱ्या माशाला जळूसारखा चिकटतो आणि त्याचे रक्त पितो. वर्णन वाचून भूक मरावी असा हा प्राणी, पण मध्ययुगीन युरोपातले बडे लोक त्याच्यावर जीव टाकीत. चर्चच्या उपवासाला मांस वर्ज्य आणि मासा चाले. आणि लॅम्प्रे चवीला मांसाच्या जवळ जाणारा. आपल्याकडे साबुदाण्याच्या खिचडीला जो मान आहे त्याचे कारण यापेक्षा फार वेगळे नाही!

११३५ च्या नोव्हेंबरात हेन्री नॉर्मंडीत लियोंच्या अरण्यात शिकारीसाठी उतरला होता. वय साठीच्या पुढे. तिथे तो आजारी पडला आणि १ डिसेंबरला वारला. लॅम्प्रेची हकीगत सांगितली आहे ती हंटिंगडनचा हेन्री या समकालीन धर्माधिकाऱ्याने आपल्या लॅटिन बखरीत. त्याचे म्हणणे नीट ऐकण्यासारखे आहे. राजाला लॅम्प्रे नेहमी बाधत, तरी ते त्याला नेहमी आवडत. वैद्याने खाऊ नका म्हणून सांगितले. राजाने ऐकले नाही. ते खाल्ले आणि त्यातून दुखणे ओढवले. बस्स. किती खाल्ले, याबद्दल अवाक्षर नाही. एक तुकडा खाल्ला की परात रिकामी केली, बखरकाराला त्याच्याशी कर्तव्य नाही. त्याच्या मते राजाचा दोष अतिभोजनाचा नाही, पथ्य मोडण्याचा आहे.

याच्या जोडीला दुसरा साक्षीदार उभा करतो. माम्सबरीचा विल्यम हा मठातला साधू. त्या काळच्या इंग्रज इतिहासकारांत फार वरच्या पंगतीला बसणारा. त्याने हेन्रीच्या सवयींचे जे वर्णन केले आहे त्यात हा राजा जेवणात साधा आहे. नाना पक्वान्नांनी पोट ताणण्यापेक्षा भुकेपुरते खाणारा, आणि तहानेपुरते पिणारा. राजाश्रयाला राहिलेले लोक स्तुती करतात हे मला कळते. पण राजाची स्तुती करायची तर शौर्याची करावी, दानाची करावी. मिताहाराची स्तुती तसे काही डोळ्यांनी पाहिल्याऐकल्याशिवाय सुचत नाही.

मग हा मिताहारी माणूस खादाड झाला कसा? मला वाटते, त्याला भाषेने खादाड केले. लंडनचा रॉबर्ट फेबियन याची इंग्रजी बखर १५१६ साली छापून निघाली. तीत राजाच्या मरणाची दोन कारणे दिली आहेत. काहींच्या मते तो घोड्यासह पडला. आणि दुसऱ्या मते एक लॅम्प्रे खाऊन त्याने ‘सर्फिट घेतला’. एक! मासा एकच असताना सर्फिट कसला? तर त्या काळी सर्फिट हे जसे अति खाण्याचे नाव होते, तसेच खाण्यातून उपजणाऱ्या दुखण्याचेही होते. फेबियनच्या वाक्याचे मराठी करायचे तर ‘लॅम्प्रे खाऊन त्याला अजीर्ण झाले’ एवढेच होईल.

आपला शब्द या बाबतीत अधिक न्यायी आहे. जीर्ण म्हणजे जुने झालेले, झिजलेले आणि जिरलेलेही. जे जिरले नाही ते अजीर्ण. त्यात खाणाऱ्यावर ठपका नाही. ‘अति खाणे मसणात जाणे’ ही म्हण ठपका ठेवते, तो शब्द ठेवत नाही. अवेळी खाल्लेल्या एका लाडवानेही अजीर्ण होते, हे या अंकाच्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको.

दुखण्याचे नाव म्हणून सर्फिट पुढेही टिकून होता. लंडनमध्ये मृत्यूंची कारणवार यादी छापली जाई. १६६५ च्या प्लेगच्या वर्षाची यादी प्रसिद्ध आहे: एकूण ९७,३०६ दफने, त्यांत प्लेगचे ६८,५९६, आणि सर्फिटचे १,२५१. त्या भयंकर वर्षी सव्वा हजार माणसे जेवून मेली, यावर कोण विश्वास ठेवील? प्लेग जाहीर झाला की घराला टाळे लागे आणि आतली माणसे आत कोंडली जात. म्हणून लोक कारण तपासणाऱ्या म्हाताऱ्यांच्या हातावर काही ठेवून दुसरे नाव लिहवून घेत. १७२२ साली डीफोने प्लेगवर पुस्तक लिहिले, त्यात अशा लपवलेल्या मृत्यूंच्या सदरांत सर्फिटही आहे. तिथे या शब्दाने केवढी दुःखे झाकली!

पुढे वैद्यकाने हे नाव टाकून दिले. शब्द उरला तो नुसत्या ‘फाजील भरमार’ या अर्थाने. सल्ल्यांचा सर्फिट, भाषणांचा सर्फिट. आणि या नव्या अर्थाचा चष्मा लावून लोक हेन्रीची जुनी गोष्ट वाचू लागले, तेव्हा एका माशाचे टोपलीभर मासे झाले. १९३० च्या सुमारास इंग्रज विनोदी लेखकांनी अशा मरणांची यथेच्छ टवाळी केली. १९४१ साली नायो मार्श या न्यूझीलंडच्या लेखिकेने आपल्या रहस्यकथेला ‘सर्फिट ऑफ लॅम्प्रीज’ हेच नाव दिले. तिच्यात लॅम्प्रे हे एका कुटुंबाचे आडनाव आहे.

या थट्टेत एक गोष्ट बुडून जाते, ती मला खटकते. हेन्रीचा एकुलता औरस मुलगा ११२० साली जहाज फुटून बुडाला होता. राज्य मुलीला, माटिल्डाला, मिळावे म्हणून त्याने सरदारांकडून शपथा घेतल्या होत्या. बापाचे डोळे मिटताच हेन्रीचा भाचा स्टीफन खाडी ओलांडून लंडनला धावला आणि २२ डिसेंबरला त्याने मुकुट चढवून घेतला. शपथा हवेत विरल्या. पुढली यादवी ११५३ च्या तहापर्यंत चालली. गावे जळली, शेते ओस पडली. हे सारे घडले ते सरदारांनी शब्द फिरवला म्हणून. पण त्यांची नावे कोणाच्या ओठावर नाहीत, माशाचे मात्र आहे.

ग्लॉस्टर शहराची राजाला लॅम्प्रेचा पाय, म्हणजे आत मासे भरलेली भाजलेली कणकेची पेटी, पाठवण्याची जुनी चाल आहे. २०१२ साली राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीला साठ वर्षे झाली, तेव्हाही तो पाठवला गेला. पण इंग्लंडातले लॅम्प्रे आता इतके कमी झाले आहेत की त्यांना कायद्याचे संरक्षण आहे. म्हणून मासे आणले ते उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्समधून. तिथे हा पाहुणा घुसून एवढा माजला आहे, की त्याला आवरण्यासाठी कॅनडा आणि अमेरिका मिळून दरवर्षी खर्च करतात.