गावाच्या यादीतले शहर

पालघरहून डहाणूकडे निघालेली लोकल उमरोळीला थांबते आणि पुढचे स्टेशन बोईसर. पालघरला उतरणारा माणूस नगरपरिषदेच्या हद्दीत उतरतो, बोईसरला उतरणारा ग्रामपंचायतीच्या. मुलाला शाळेत जागा मिळणे आणि घरातला सुका कचरा वेगळा उचलला जाणे या दोन साध्या गोष्टींचा निर्णय नेमका कुठे होतो, हे कागदांतून शोधायला बसलो की आधी हा फरक समोर येतो.

सुरुवात 2011 च्या जनगणनेपासून करावी. तिच्यात पालघर नगरपरिषदेची लोकसंख्या 68,930 आहे आणि बोईसरची 36,151. बोईसरची नोंद 'जनगणना शहर' म्हणून आहे. निदान पाच हजार वस्ती, चौरस किलोमीटरला किमान 400 माणसे आणि कमावत्या पुरुषांपैकी तीन चतुर्थांश शेतीबाहेरच्या कामात, असे ठिकाण जनगणनेच्या हिशेबात शहर ठरते. तारापूरचे अणुवीज केंद्र 1969 मध्ये सुरू झाले, शेजारी एमआयडीसी वाढली, आणि बोईसर या निकषांत सहज बसले. पण जनगणनेने शहर म्हटले म्हणून नगरपरिषद मिळत नाही. 1958 चा ग्रामपंचायत कायदा सदस्यसंख्या सात ते सतरा एवढीच ठेवतो. म्हणजे सतराच्या सतरा जागा धरल्या तरी बोईसरमध्ये एका सदस्यामागे दोन हजारांहून अधिक माणसे येतात. गावकारभाराचा हा साचा इतक्या वस्तीसाठी घडवलेलाच नव्हता, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता राज्यघटनेच्या दोन अनुसूची शेजारी ठेवून वाचाव्यात. ग्रामपंचायतींसाठी अकरावी, विषय 29. नगरपालिकांसाठी बारावी, विषय 18. गावाच्या यादीत प्राथमिक व माध्यमिक शाळांसह शिक्षण स्पष्ट लिहिले आहे, घनकचरा हा शब्द मात्र नाही. तो आरोग्य आणि स्वच्छता या विषयात धरून घ्यावा लागतो. शहराच्या यादीत घनकचरा व्यवस्थापन थेट नाव घेऊन आले आहे, आणि शाळा नाहीत, शिक्षणविषयक बाबींना चालना देणे एवढेच आहे. बोईसरच्या गरजा शहराच्या यादीतल्या, अधिकार गावाच्या यादीतले.

कचऱ्यापुरती ही फट बुजवली ती 8 एप्रिल 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी. 2000 च्या नियमांचा रोख नगरपालिकांवर होता. नव्या नियमांच्या दुसऱ्याच कलमात जनगणना शहरे नाव घेऊन आली, आणि पंधराव्या कलमात त्यांच्या ग्रामपंचायतींवर नगरपालिकांइतकीच कर्तव्ये आली. वर्षभरात उपविधी करायचे. दारोदार वेगळा केलेला कचरा गोळा करायचा. भंगार आणि कचरा वेचणाऱ्यांना व्यवस्थेत सामावून घ्यायचे. एक लाखाखालच्या शहरांना आणि जनगणना शहरांना प्रक्रिया केंद्र उभारायला तीन वर्षे दिली होती. ती मुदत पालघर आणि बोईसर या दोघांनाही एप्रिल 2019 पर्यंतची. औद्योगिक वसाहती उभारणाऱ्यांनी पाच टक्के जागा किंवा किमान पाच भूखंड पुनर्वापराच्या सोयीसाठी राखावेत, असेही हेच नियम सांगत होते. एमआयडीसीला खेटून राहणाऱ्या गावाने हे वाक्य पाठ करून ठेवायला हवे होते.

एक बारीक गोष्ट. या नियमांत ओल्या कचऱ्याचा डबा हिरवा, पुनर्वापराच्या सुक्या कचऱ्याचा पांढरा आणि उरलेल्याचा काळा होता. पुढच्याच वर्षी स्वच्छ भारतच्या मोहिमेने सुक्याला निळा रंग दिला आणि लोकांच्या डोक्यात तोच बसला. उद्या कोणी जुन्या फोटोतला निळा डबा पाहून तो 2016 च्या नियमांतून आला असे लिहील, तर ते चुकेल.

शाळेचा माग अधिक लांबचा. 1923 च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा लोकल बोर्डाकडे आल्या, 1947 च्या कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डाकडे, 1962 मध्ये ठाणे जिल्हा परिषदेकडे. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा वेगळा झाला. या पट्ट्यातल्या जुन्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरवरचा शिक्का शंभर वर्षांत असा पुन्हा पुन्हा बदलत आला असणार, आणि यांतला एकही शिक्का गावाच्या चावडीचा नव्हता. याच किनाऱ्यावर, बोर्डीला, 1945 मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी उलट दिशेने सुरुवात केली. मूल शाळेपर्यंत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात न्यायची. कोसबाडला पुढे वाढलेल्या त्या कामाने अंतराचा प्रश्न कायद्याच्या कितीतरी आधी ओळखला होता.

कायद्यात तो 2009 च्या शिक्षण हक्क अधिनियमाने आला. महाराष्ट्राच्या 2011 च्या नियमांनी मोजमाप दिले: पाचवीपर्यंत वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत शाळा, सहावी ते आठवीसाठी तीन. हा किलोमीटर मुलाच्या वस्तीपासून मोजायचा आणि सरकारला बांधून ठेवणारा होता. 9 फेब्रुवारी 2024 च्या अधिसूचनेत किलोमीटर तोच, पण मोजणी खासगी शाळेच्या फाटकापासून. तेवढ्या अंतरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असली की त्या खासगी शाळेवर दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीच्या 25 टक्के राखीव जागांचे बंधन उरत नव्हते. बोईसरसारख्या दाट वस्तीत याचा अर्थ काय होतो, ते सांगायला नकाशाही लागत नाही. 6 मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, पालकांनी नव्याने अर्ज भरले, आणि 19 जुलैला ती दुरुस्ती रद्द झाली. तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता.

त्याच अधिनियमाच्या नवव्या कलमात स्थानिक प्राधिकरणाची कामे दिली आहेत. हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकाची नोंद ठेवणे हे त्यांतले एक, आणि स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना दाखल करून घेणे हे दुसरे. जनरल रजिस्टर इथे कामाचे नाही. त्यात शाळेत आलेलीच मुले असतात. ग्रामपंचायतीचा नमुना 8 उघडला तर मालमत्तेचा क्रमांक, मालक, भोगवटादार आणि घरपट्टीची आकारणी मिळते. घंटागाडीने कोणत्या दारी थांबायचे ते त्यावरून ठरवता येते. कारखान्यात कामाला आलेल्या माणसाच्या भाड्याच्या खोलीत सहा वर्षांची मुलगी राहते की नाही, यासाठी मात्र त्या नमुन्यात रकाना नाही.