विषवेल ते हृदयौषध

अंगणातली कण्हेर देवपूजेला चालते. पण तिचे पान गुराच्या तोंडी जाऊ नये म्हणून वडीलधारी माणसे जपतात. या कण्हेरीचीच एक भाऊबंद रानवेल पूर्व आफ्रिकेत झाडाझुडपांवर चढत जाते. शास्त्रज्ञ तिला 'स्ट्रोफँथस कोंबे' म्हणतात. तिच्या पाकळ्यांची लांब शेपटे पिळलेल्या दोरीसारखी लोंबतात. ग्रीक शब्दांतून घडलेल्या पहिल्या नावाचा अर्थही तोच.

शिरे नदीच्या खोऱ्यातले मांगांजा शिकारी तिच्या बियांचे विष बाणाला माखीत. त्यांचा बाण दोन तुकड्यांचा असे. जनावराला तो लागला की मागचा बोरू गळून पडे, आणि विष माखलेले टोक तेवढे जखमेत रुतून राही. शिकार मात्र खुशाल खाल्ली जाई. कारण हे विष रक्तात भिनले तर मारते, पोटातून फारसे भिनत नाही.

1858 साली लिव्हिंग्स्टनच्या झांबेझी मोहिमेबरोबर जॉन कर्क हा डॉक्टर या मुलखात आला. त्याने त्या विषाचे नमुने गोळा केले. एकदा त्याचा दात घासण्याचा ब्रश त्या विषाला लागला. तोंडाला कडू चव आली आणि नाडी मंदावली! दुसरा एखादा घाबरून ब्रश फेकून देता. कर्कने ती गोष्ट ध्यानात ठेवली.

पुढे एडिंबरोच्या टॉमस फ्रेझरने या विषाचा कसून अभ्यास केला नि 1885 साली हृदयविकारावरील औषध म्हणून ते वैद्यकजगतापुढे मांडले. अल्प मात्रेत ते थकलेल्या हृदयाचे आकुंचन जोरकस करते. मात्रा वाढली की तेच हृदय बंद पाडते. 1906 मध्ये आल्बर्ट फ्रेंकेल या जर्मन डॉक्टरने ते थेट शिरेत टोचून अनेक रोग्यांचा गुदमरलेला श्वास मोकळा केला. पुढे नवी औषधे आली आणि याचा वापर मागे पडला.

कर्क, फ्रेझर, फ्रेंकेल ही नावे ग्रंथांत नोंदली गेली. पण त्या बियांची ताकद ज्यांनी प्रथम ओळखली, त्या शिकाऱ्यांपैकी एकाचेही नाव कुठे नाही. त्यांच्या बोलीतला 'कोंबे' हा शब्द तेवढा वेलीच्या शास्त्रीय नावात टिकून आहे.