शर्मिष्ठेच्या जागची राणी

डोंबिवली-कल्याणच्या दिव्यांत हिवाळ्याचे आकाश विरून जाते. गच्चीवरून मृगाचे तीन तारे, व्याध, रोहिणी आणि एखादा ग्रह एवढेच ओळखू येतात. म्हणून या पट्ट्यातले आकाशवेडे लोक बदलापूरच्या पुढच्या स्टेशनवर, वांगणीला जातात. 1985 साली मुंबईत सुरू झालेल्या खगोल मंडळाच्या निरीक्षण-रात्रींमुळे हे लहान स्टेशन ताऱ्यांच्या नकाशावर आले. दिवाळीनंतरच्या रात्री तिथे उत्तरेकडे इंग्रजी ‘एम’ अक्षरासारखे पाच तारे दिसतात, ती शर्मिष्ठा. तिच्याजवळ फिकट वृषपर्वा, वरच्या अंगाला देवयानी आणि देवयानीच्या पूर्वेला ययाती. आदिपर्वातले एक अख्खे कथानक आकाशाच्या एका कोपऱ्यात मांडलेले आहे.

ही नावे ऐकली की ती ऋषिमुनींच्या काळापासूनची वाटतात, पण ती अर्वाचीन आहेत. जुन्या भारतीय ज्योतिषाचे लक्ष चंद्राच्या वाटेवर होते. त्या वाटेचे 27 भाग केले, त्यांना नक्षत्रे नेमून दिली. उत्तरेला सप्तर्षी आणि ध्रुव यांची नावे होती, बाकी भागात आकृत्या फारशा नव्हत्या. छापील तारानकाशे मराठीत येऊ लागले तेव्हा त्या रिकाम्या भागाला नावे हवी होती. पाश्चात्त्य नकाशात तिथे कॅसिओपिया, सेफियस, अँड्रोमेडा आणि पर्सियस होते. मराठी ज्योतिर्विदांच्या ग्रंथांत त्यांच्या जागी शर्मिष्ठा, वृषपर्वा, देवयानी आणि ययाती बसले.

ही बसवणूक किती विचाराने झाली, हे दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्यावर कळते. ग्रीक कथेत सेफियस हा इथिओपियाचा राजा, कॅसिओपिया त्याची राणी. समुद्रकन्यांपेक्षा आपण सुंदर आहोत, असे ती बोलून गेली. समुद्रदेव पोसायडन कोपला आणि त्याने एक जलराक्षस किनाऱ्यावर सोडला. राज्य वाचवायचे तर राजकन्या अँड्रोमेडा त्याला बळी द्यायची, असा कौल निघाला. तिला खडकाला साखळदंडांनी जखडले. मेडुसा राक्षसीचे मुंडके कापून परतणाऱ्या पर्सियसने तिला पाहिले, राक्षसाला मारले आणि तिच्याशी लग्न केले.

इकडे वृषपर्वा हा दैत्यांचा राजा, शर्मिष्ठा त्याची मुलगी, देवयानी त्याचे गुरू शुक्राचार्य यांची मुलगी. जलक्रीडेनंतर कपड्यांची अदलाबदल झाली, राजकन्येचा गर्व उसळला आणि तिने देवयानीला विहिरीत ढकलले. शिकारीला निघालेल्या ययातीने हात धरून तिला वर काढले. तोच हात पुढे विवाहाचा झाला.

गर्विष्ठ राजस्त्री, तिच्या गर्वापायी मरणाच्या दारी गेलेली तरुणी, वाटेवरून जाताना तिला सोडवणारा आणि मग वरणारा वीर, मागे हतबल उभा असलेला राजा: चारही भूमिका जुळतात. नाती मात्र बदलली. ग्रीक आकाशात एम आकाराची राणी अँड्रोमेडाची आई आहे, आपल्या आकाशात ती देवयानीची मैत्रीण आणि पुढे सवत आहे. वृषपर्व्याच्या जागी ग्रीकांचा पती उभा आहे, आपल्याकडे पिता. नाव देणाऱ्यांनी कथेचा सांगाडा ओळखला आणि त्यावर घरची माणसे बसवली.

ग्रीक आकृत्या आपल्याकडे येण्याची ही पहिली वेळ नव्हती, आणि पहिल्या वेळेची कथा कल्याणच्या खाडीजवळ येऊन पोचते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ नावाने ते पुस्तक प्रसिद्ध आहे. त्यात कल्याण आहे, ‘कल्लिएना’ या रूपात. थोरल्या सारागानसच्या काळात ही रीतसर बाजारपेठ होती, पुढे संदानेसच्या हाती ती गेल्यावर इथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्याखाली भडोचला नेली जाऊ लागली, असे तो व्यापारी सांगतो. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या व्यापारी चढाओढीची ती खूण आहे. बंदरातून घाटाकडे जाणाऱ्या मार्गावर कार्ल्याच्या लेण्यात यवन दात्यांनी खांब दिले, त्यांचे लेख आजही वाचता येतात. कान्हेरीच्या लेखांत कल्याणचे दाते आहेत. म्हणजे ग्रीक बोलणारी किंवा ग्रीक जगाशी नाते असलेली माणसे उत्तर कोकणात येत-जात होती, देवधर्माला दान देत होती.

पुढच्या काही शतकांत पश्चिम भारतात ग्रीक ज्योतिष संस्कृतात उतरले. स्फुजिध्वजाचे ‘यवनजातक’ हा त्याचा ठळक पुरावा. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहज्जातका’त राशींची ग्रीक नावेही दिली आहेत: क्रिय, ताबुरि, जितुम, लेय, जूक, कौर्प्य, तौक्षिक. मेष, वृषभ, मिथुन, सिंह, तूळ, वृश्चिक आणि धनू यांचीच ही परदेशी रूपे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 1896 साली मराठीत लिहिलेल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात राशींच्या उगमाचा हा वाद बारकाईने तपासला आहे. यातल्या अनेक आकृत्या ग्रीकांच्याही आधी बाबिलोनच्या होत्या, तेव्हा ही वंशावळ आणखी मागे जाते.

राशी आल्या तेव्हा चित्रे आली, कथा मात्र मागे राहिल्या. मेषाबरोबर सोनेरी लोकरीच्या मेंढ्याची आणि ती आणायला निघालेल्या जेसनची गोष्ट आली नाही. मिथुन ग्रीकांकडे कॅस्टर आणि पोलक्स हे जुळे भाऊ होते. वराहमिहिराकडे ते स्त्री-पुरुषाचे जोडपे झाले, एकाकडे गदा, दुसऱ्याकडे वीणा. अर्धा बकरा, अर्धा मासा असलेला प्राणी आपल्याकडे हरणाच्या तोंडाचा मकर झाला. धनू मात्र तसाच राहिला: कमरेखाली घोडा असलेला धनुर्धर, ग्रीकांच्या नरतुरंगांचा सख्खा भाऊ. कन्येच्या हातातले धान्याचे कणीसही टिकले. ग्रीकांच्या चित्रात ते कणीस जिथे आहे त्या ठळक ताऱ्याला आपण चित्रा म्हणतो.

पहिल्या वेळी कथेविना चित्रे आली, दुसऱ्या वेळी कथेसकट आली, म्हणून तिच्या तोडीची कथा शोधावी लागली. दोन्ही वेळा एक गोष्ट मात्र परदेशातून आणता आली नाही: ज्या अक्षांशावरून ग्रीकांनी तारे पाहिले तो अक्षांश.

अथेन्स 38 अंश उत्तरेला आहे, कल्याण सुमारे 19. अथेन्सहून ध्रुव क्षितिजावर 38 अंश उंच दिसतो, कल्याणहून जेमतेम 19. होमरच्या काळात ग्रीसमध्ये सप्तर्षी कधीच मावळत नसत. ग्रीकांसाठी ती अस्वल झालेली कॅलिस्टो होती. झ्यूसची तिच्यावर नजर गेली म्हणून हेराने तिला शिक्षा दिली आणि सागराला बजावले, हिला तुझ्या पाण्यात उतरू देऊ नकोस. न मावळणाऱ्या ताऱ्यांची ती कारणकथा. आज कल्याणहून पाहाल तर सप्तर्षी रोज क्षितिजाखाली जातात. यात थोडा वाटा हजारो वर्षांच्या संपातचलनाचा, म्हणजे पृथ्वीच्या आसाच्या संथ डोलण्याचा आहे, मोठा वाटा अक्षांशाचा. इथे राहणाऱ्या माणसाला कॅलिस्टोची शिक्षा सुचलीच नसती, कारण इथे सातही ऋषी नेमाने क्षितिजापलीकडे उतरतात.

याच्या उलट उदाहरण अगस्त्याचे. अगस्त्य तारा कल्याणहून दक्षिणेला सुमारे 18 अंश उंच येतो, आकाशातला व्याधाखालोखालचा तेजस्वी तारा. अथेन्सहून तो दिसतच नाही. र्‍होड्स बेटावरून तो क्षितिजाला टेकतो, अलेक्झांड्रियाहून थोडा वर येतो. पोसिडोनियसने इसवी सनपूर्व पहिल्या शतकात या फरकावरून पृथ्वीचा परिघ काढला. ग्रीक पुराणात हा तारा मेनेलाउस राजाच्या जहाजाचा एक सुकाणूधारी एवढाच आहे. आपल्याकडे तो विंध्याला वाकवून दक्षिणेला गेलेला, समुद्र प्राशन केलेला ऋषी आहे आणि पाऊस सरताना त्याच्या उदयाने पाणी निवळते अशी समजूत आहे. जो तारा डोळ्यांसमोर ठळकपणे असतो त्याच्याभोवतीच मोठी कथा वाढते.

काही कथा मात्र दोन्हीकडे एकाच आकृतीतून वाढल्या. मृगात ग्रीकांना शिकारी ओरायन दिसला. ऐतरेय ब्राह्मणात तिथेच हरणाच्या रूपातला प्रजापती आहे, त्याच्या मागे व्याध, आणि तीन ताऱ्यांचा बाण त्याला लागलेला. लोकमान्य टिळकांनी 1893 सालच्या ‘ओरायन’मध्ये या साम्याचा वेदकाळ ठरवण्यासाठी वापर केला. कृत्तिका ग्रीकांकडे सात बहिणी, त्यातली मेरोपी लाजून लपलेली. आपल्याकडे सात ऋषिपत्नींपैकी सहा कृत्तिका झाल्या, अरुंधती वसिष्ठांजवळ राहिली. दोन्हीकडे सातवी का दिसत नाही, याचेच उत्तर आहे, कारण साध्या डोळ्यांना साधारण सहाच तारे दिसतात.

वांगणीला तारे दाखवताना म्हणून दोन्ही कुळे सांगावीत असे मला ठामपणे वाटते. शर्मिष्ठेबरोबर कॅसिओपिया, ययातीबरोबर पर्सियस. ययातीतल्या अल्गोल ताऱ्याला ग्रीकांनी मेडुसाचे डोके मानले. तो 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी एकदा मंदावतो, कारण त्याचा सहचर तारा त्याच्यापुढून जातो. मुलांनी वहीत त्याचे तेज नोंदवावे. देवयानीजवळचा धूसर ठिपका सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे दूरची दीर्घिका आहे, तीही शोधावी.

मार्चमध्ये संध्याकाळी आठच्या सुमारास कल्याणजवळच्या एखाद्या मोकळ्या माळावर उभे राहिले, तर दक्षिणेला अगस्त्य आणि ईशान्येला वर येणारे सप्तर्षी एकाच वेळी दिसतात. अथेन्सच्या गच्चीवरून त्या दोघांना कधीच एकत्र पाहता येत नाही. आपल्या पूर्वजांनी परक्या कथा घेतल्या आणि आपल्या कथाही जपल्या, त्या याच आकाशाखाली उभे राहून. तेच आकाश आजही वांगणीहून दिसते, म्हणून त्याच्या दोन्ही वंशावळी पुढच्या पिढीला देणे आपल्याला जमण्यासारखे आहे.