चौपाटीवरची चिता आणि रोमच्या नाण्यावरची चिता

मंडळी, गिरगाव चौपाटीवर लोकमान्यांचा पुतळा आहे हे सगळ्यांना माहीत. पण तिथे त्यांची चिता पेटली होती हे आपल्या पोरांना विचारून बघा. निम्मी गप्प बसतील.

१ ऑगस्ट १९२०. सरदारगृहात टिळक गेले. भर पावसात लाखोंची गर्दी जमली, गांधीजींनी तिरडीला खांदा दिला आणि एरवी जिथे अंत्यसंस्कार होत नसत त्या वाळूवर चिता रचली गेली. राज्य इंग्रजांचं, त्यामुळे नाण्यावर कोण होतं? पंचम जॉर्ज. चौपाटीवरची चिता नाण्यावर कुठून येणार!

आता १७६० वर्षं मागे चला. इ.स. १६१ मध्ये रोमचा बादशहा अँटोनायनस पायस वारला. त्याच्या वारसांनी चांदीचं नाणं पाडलं. एका बाजूला मेलेल्या बादशहाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला चक्क त्याची चिता. चार मजल्यांची, माळांनी सजवलेली, वर चार घोड्यांचा रथ. कडेने शब्द 'कॉन्सेक्राशिओ', म्हणजे हा माणूस आता देव झाला.

हे प्रेमापोटी होतं का? थोडं असेल. खरी गोम राजकारणात आहे. बाप देव झाला की गादीवर बसलेला मुलगा आपोआप देवपुत्र! त्या काळात ना वर्तमानपत्र ना मोबाईल. नाणं हाच सरकारी जाहीरनामा. सैनिकाच्या पगारातून, भाजीवाल्याच्या गल्ल्यातून तो घरोघर पोचायचा.

२११ मध्ये सेप्टिमियस सेव्हेरस इंग्लंडात यॉर्कला मेला, तिथेच जाळला. तरी रोममध्ये त्याचा मेणाचा पुतळा सात दिवस पलंगावर ठेवला. वैद्य रोज येऊन तपासायचे आणि 'तब्येत बिघडत चाललीय' असं सांगायचे! मग उंच चिता रचून पुतळा जाळला आणि वरून गरुड सोडला. तो आत्मा स्वर्गात नेतो अशी समजूत. हेरोडियन या इतिहासकाराने हे सगळं लिहून ठेवलंय. पुढे ३०९ मध्ये मॅक्सेंशियसचा मुलगा रोम्युलस वारला, तेव्हा त्याच्या तांब्याच्या नाण्यांवर घुमटाची स्मारकवास्तू आली. दार अर्धं उघडं आणि माथ्यावर गरुड.

अशी नाणी जमवणारे जगभर आहेत. आपला संबंध काय, म्हणाल. रोमचं सोनं-चांदी मिरी, मलमल, मण्यांच्या बदल्यात भारतात येत होतं. इथे त्या सोन्याच्या नाण्यांना कडी लावून ती गळ्यात घातली गेली. हसू नका, आपल्या आज्यांचा पुतळीहारही परदेशी, व्हेनिसच्या नाण्यांवरूनच आलाय.

आता कामाचं बोलतो. नाणी जमवायचा नाद लागला असेल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, रस्त्यावर 'रोमन' म्हणून मिळतं त्यातलं बरंचसं ओतीव नकली असतं. कडेला जोडाची रेघ किंवा पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसले तर नमस्कार करून पुढे व्हा.

दोन, खरं नाणं चिंच, पितांबरीने घासू नका. वरचा थर गेला की इतिहासही गेला आणि किंमतही.

तीन, कायदा. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात. विकणाऱ्याला परवाना लागतो, खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. शेतात किंवा पाया खणताना ठेवा सापडला तर १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. पण होतं काय? रातोरात सोनाराकडे, आणि मुशीत. कुठे सापडलं, कशाबरोबर सापडलं, हे एकदा पुसलं की नाणं म्हणजे नुसती धातूची चकती.

स्वतंत्र भारताने टिळकांच्या दीडशेव्या जयंतीनिमित्त पाच रुपयांचं नाणं काढलं, त्यावर २००७ साल आहे. तुमच्या डब्यात असेलही, शोधा. त्यावर चेहरा आहे, चौपाटी नाही.

रोमच्या चितेची आठवण सत्तेने नाण्यावर ठोकली म्हणून टिकली. आपल्या चौपाटीच्या मागे कुठलीच सत्ता नव्हती. ती आठवण लोकांनी सांभाळली, म्हणून ती सांगत राहणं हेही लोकांचंच काम. विसर्जनाला जाल तेव्हा पुतळ्यापाशी दोन मिनिटं थांबा आणि पोरांना सांगा, इथे काय झालं होतं ते.

तुमच्या घरात त्या दिवसाची ऐकलेली आठवण असेल तर खाली लिहा. वाचायला आवडेल.