परतीची वाट

माउलींनो, आषाढी एकादशीला चंद्रभागेच्या वाळवंटात मुंगी शिरायला जागा नसते. पुढे पौर्णिमेला गोपाळकाला होतो, पालख्या माघारी फिरतात आणि परतीच्या वाटेवर मोजकीच माणसे उरतात. बहुतेक जण एस.टी.ने किंवा रेल्वेने घर गाठतात. त्यात दोष नाही. शेती, नोकरी, लेकरेबाळे सगळ्यांनाच आहेत. पण 'वारी' या शब्दात जाणे आहे तसे येणेही आहे. आपल्या जुन्या प्रवाशांनी या येण्याला किती मोल दिले होते, हे त्यांनी लिहून ठेवलेल्या प्रवासांवरून कळते.

पहिले उदाहरण आपल्या घरचेच. नामदेव महाराजांच्या नावावर असलेले तीर्थावळीचे अभंग आपण कीर्तनात ऐकतो. ज्ञानोबा माउलींनी त्यांना तीर्थयात्रेला सोबत नेले, त्याची ती कथा. मराठीतले हे फार जुने प्रवासवर्णन म्हणायला हरकत नाही. पण त्यात एक नवल आहे. हा प्रवासी निघतानाच कष्टी आहे. पंढरी सोडवत नाही म्हणून त्याचा पाय उचलत नाही, आणि वाटेत त्याचा जीव विठोबाकडे लागलेला आहे. मरुभूमीत कोरड्या विहिरीपाशी दोघांना तहान लागते, तेव्हाही नामदेव धावा करतात तो पंढरीच्या विठ्ठलाचाच. यात्रा पुरी होते ती पंढरपुरात परत आल्यावर, मावंदे घातल्यावर. तोवर एवढी तीर्थे करूनही ती अपुरीच.

दुसरे उदाहरण वरसईच्या विष्णुभट गोडशांचे. पेणजवळच्या या गावातला हा भिक्षुक ब्राह्मण १८५७ साली उत्तरेकडे निघाला. घरावर कर्ज होते, आणि मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याचे कानावर आले होते. दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, ही आशा. वाटेत बंड पेटले. झाशी पडली तेव्हा ते गावातच होते. त्यांनी कत्तल पाहिली, आणि मिळवलेले सारे लुटले गेले. अखेर ते माघारी फिरले ते गंगेची कावड खांद्यावर घेऊन. घरी पोहोचल्यावर त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. १८८३ साली त्यांनी हे सारे लिहून काढले आणि १९०७ साली 'माझा प्रवास' छापून प्रसिद्ध झाला. आज आपण तो झाशीच्या हकिकतीसाठी वाचतो. गोडशांच्या लेखी मात्र तो प्रवास कशाने सार्थ झाला असेल? द्रव्य गेले होते, कावड पोहोचली होती.

आता आपल्या करवीरात येऊ. राजर्षी शाहू महाराज गादीवर येण्याआधी, १८६६ साली, राजाराम महाराज कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. त्यांचा जन्म १८५० सालचा. १८७० मध्ये, ऐन विशीत, ते विलायतेला निघाले. तेव्हा कोल्हापूरला रेल्वे आलेली नव्हती. समुद्र ओलांडला तर धर्म बुडतो, असे मानणारे पुष्कळ होते. विलायतेला गेलेल्या हिंदू राजांमध्ये हे अगदी सुरुवातीचे. सोबत कॅप्टन वेस्ट हे इंग्रज अधिकारी होते, तशी आपली हिंदू माणसेही होती. महाराजांनी लंडन पाहिले, राणी व्हिक्टोरियांची भेट घेतली, आणि रोज पाहिले ते इंग्रजीत रोजनिशीत टिपले.

परतताना प्रकृती बिघडली. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे देहावसान झाले. वय अवघे वीस वर्षांचे.

माउलींनो, त्या सोबतच्या माणसांची अवस्था मनात आणून पाहा. परका मुलुख, परकी भाषा, थंडीचे दिवस, आणि आपला राजा गेलेला. त्या देशात दहनाचा रिवाज नव्हता. तरीही परवानगी मिळवून त्यांनी आपल्या रीतीने अंत्यविधी केला. जागा कोणती, तर आर्नो नदीला मुन्योने नावाची लहान नदी जिथे मिळते, तो संगम. कोल्हापूरच्या माणसाला संगम म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. आपल्या प्रयाग चिखलीला नद्या एकत्र येतात आणि पुढे पंचगंगा वाहते. त्या माणसांच्या मनातला संगम हजारो कोस दूर त्यांच्या कामी आला. तीर्थ त्यांच्यासोबतच गेले होते.

१८७४ साली त्या जागी छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा बसवला गेला. तो आजही आहे, आणि जवळच्या मोठ्या पुलाला तिथले लोक 'भारतीयाचा पूल' अशा अर्थाच्या नावानेच ओळखतात. १८७२ मध्ये कॅप्टन वेस्ट यांनी महाराजांची रोजनिशी लंडनला छापून प्रसिद्ध केली. जे पाहिले ते घरी येऊन सांगायचे राहिले होते. तेवढे त्या वहीने सांगितले.

मग राजाराम महाराजांची वारी अपुरी राहिली का? एका अर्थाने राहिली. त्यांची वाट पाहणाऱ्यांच्या दुःखाला आपण तत्त्वज्ञान सांगू नये. पण पंढरीच्या वाटेवर देह ठेवणारे वारकरीही आपल्याला ठाऊक आहेत. त्यांची वारी चुकली, असे आपण म्हणत नाही. त्यांचे टाळ, पताका, माळ दिंडीतले सोबती घरी पोहोचवतात. फ्लॉरेन्सच्या संगमावर उभे राहिलेल्यांनीही सोबत्याचाच धर्म पाळला. ज्याला परतता येत नाही, त्याची परतीची वाट सोबत्याने चालायची असते.

नामदेवरायांनी परत येऊन मावंदे घातले, गोडशांनी कावड आणली, राजाराम महाराजांची वही तेवढी मागे उरली. या तिघांच्या प्रवासात देवस्थाने, राजवाडे, लढाया सारे काही आहे. पण प्रवास कोणासाठी होता, हे शेवटी घरच्या उंबरठ्यावरच कळते. आपण पंढरपूरला जातो, नाही जमले तर आषाढीला कोल्हापूरच्या दिंडीसोबत नंदवाळला जातो. घरी येताना बुक्का, लाह्या, प्रसाद आणतोच. त्यासोबत वाटेवरची सबुरीही आणावी. अनोळखी माणसाला 'माउली' म्हणून पायावर डोके ठेवणारे आपण, सुनेशी, शेजाऱ्याशी, बांधावरच्या भावाशी परतल्यावर कसे वागतो, ते पाहावे. आणि यंदा दिंडीत आपल्या शेजारी चालणारा कोणी थकला, तर त्याचा हात धरून त्याला घरापर्यंत आणावे. वारी तिथे पुरी होते.

रामकृष्ण हरी.